नवं पाणी

आमच्या घरात खुंटीला एक पांढरी कॅन टांगलेली असते. मुळात ती गोड्या तेलाची. लेबल कधीच निघून गेलं, तळाला पिवळसर झाक आली, आणि झाकण हरवू नये म्हणून मायनं ते कानाला सुतळीनं बांधून टाकलं. सध्या खुंटी रिकामी आहे. म्हणजे कारखाने सुरू आहेत, आणि माय-अप्पा उसाच्या फडात आहेत.

दसरा झाला की आमच्याकडं ट्रॅक्टर येतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पत्रे, कोंबड्या, एखादी शेळी आणि लेकरं चढतात आणि अर्धं गाव उठून जातं. सामान सगळ्यांचं सारखंच. मायच्या सामानात मात्र सगळ्यात शेवटी चढायची ती ही कॅन, गावच्या आडाचं पाणी गळ्यापर्यंत भरलेली. ती ट्रॉलीत ठेवायची नाही, मांडीवर घ्यायची.

पाण्याच्या बाबतीत तिचं ठरलेलं होतं. परमुलखातलं पाणी एकदम पोटात गेलं की ‘लागतं’. मग ताप, ढाळ, आणि कामावर खाडा. म्हणून फडाजवळ कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी केली की पहिल्या भाकरीचं पीठ गावच्या पाण्यानं मळायचं, पहिला चहा गावच्या पाण्याचा. आणि ती कॅन रिकामी होऊ द्यायची नाही. अर्धी झाली की तिथलं पाणी ओतायचं, परत अर्धी झाली की परत ओतायचं. विरजणाला आपण वाटीभर दही मागं ठेवतो ना, तसं. “पानी तुटू द्यायचं न्हाई,” ती म्हणायची. पाडव्याच्या आसपास परत आली की कॅनमधलं उरलेलं पाणी दारातल्या लिंबाच्या झाडाला घालायची आणि कॅन खुंटीला लावायची. तेव्हा आमचा उन्हाळा सुरू व्हायचा.

शाळा बुडू नये म्हणून मला काकूकडं ठेवत. ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी बघायचे. मायचं तोंड ओळखू यायचं बंद झालं तरी मांडीवरचा पांढरा ठिपका दिसायचा. मला त्या कॅनचा फार राग होता. पाणी सोबत नेती आणि मला नाही. एकदा तसं बोललेही. माय म्हणाली, “तुला नेलं तर शाळंत काय कॅन बसवू का?” अप्पा खो खो हसले. मी नाही हसले.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी सांगितलं की लोकांना वाटतं, मिरवते. मिरवतेच. अंबाजोगाईला एसटीनं उभं राहून गेले, उभं राहून आले, आणि पास झाले. वर्गातल्या बाकीच्या पुण्याला औषधांच्या कंपनीत गेल्या. मलाही बोलावणं होतं. पण त्याच सुमाराला आमच्या तलावावरच्या पाणी योजनेचं काम निघालं. आमच्या आणि शेजारच्या गावांना तिथून नळ आहेत. मी लहान असताना तिथं गाळणी होती, पण तिच्यातली वाळू दगडासारखी बसलेली, व्हॉल्व्ह गंजलेले. पाणी गाळणीला वळसा घालून सरळ टाकीत जायचं. वरून कुणीतरी ब्लिचिंग पावडरचं पोतं उघडून अंदाजानं टाकायचं. म्हणून पुढाऱ्यापासून शेतमजुरापर्यंत सगळे नळाचं पाणी वापरायला घेत आणि प्यायला आडावर जात. आता वाळू बदलली, तुरटी सोडायचं यंत्र बसलं, क्लोरीनचं बसलं, आणि एका खोलीत काचेच्या नळ्यांची छोटी प्रयोगशाळा झाली. तिथं माणूस हवं होतं. मी गेले.

लोकांना वाटलं, पुण्याला जमलं नाही म्हणून राहिली. खरं कारण साधं होतं. वर्षातले जे काही महिने माय घरी असते, तेवढे मला घरी पाहिजे होते. आणि एक गोष्ट मनात होती, ती कुणाला सांगितली नव्हती. ट्रॅक्टर निघेल तेव्हा त्या कॅनमध्ये मी केलेलं पाणी असावं.

योजना सुरू झाली ती ऐन भादव्यात. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, “उद्या सकाळपासून नळाला नवं पाणी सुटणार आहे, सर्वांनी लाभ घ्यावा.” पुकारणाऱ्याच्या डोक्यात नवी योजना, नवी यंत्रं. पण आमच्याकडं पावसाळ्यात ओढ्याला, तलावाला जो लाल गढूळ लोंढा येतो त्याला नवं पाणी म्हणतात. नवं पाणी आलं की म्हाताऱ्या दटावतात, नवं पाणी पिऊ नका, पोटं बिघडतील. सगळ्या गावानं ते ऐकलं आणि सकाळी एकीनंही प्यायचा हंडा नळाखाली लावला नाही. मी पहिल्या पाण्याचं कौतुक ऐकायला गल्लीत गेले, तर बायका त्या काचेसारख्या पाण्यानं गोठे धुवत होत्या.

“अवो मावशी, प्यायला भरा की!”

“नवं पानी कुनी पेतं का गं? कालिजात हेच शिकलीस व्हय?”

“आता गाळून येतंय. बघा तरी, कसं नितळ हाय.”

तिनं ओंजळ नाकाशी नेली. “इंजेक्शनचा वास येतोय. आमी काय आजारी हाव का?”

दुसरी म्हणाली, “डाक्टरीन व्हता आलं न्हाई, म्हनून पान्याला सुई टोचीत बसली.” सगळी गल्ली हसली. त्या दिवसापासून मी ‘पान्याची डाक्टरीन’. पंपावरचे मामा, माझ्याआधीपासून तिथं आहेत, तेही रोज सकाळी विचारू लागले, “काय डाक्टरीन, पेशंट कसा हाय?”

हळूहळू लोक सवयीनं पिऊ लागले. हंडा रात्रभर उघडा ठेवायचा, वास जाऊ द्यायचा आणि मग प्यायचं, अशी युक्ती बायकांनी काढली. वास गेला की क्लोरीनही जातं, हे मी घसा कोरडा करून सांगत होते. माझं सकाळचं काम एकच. लांबच्या वस्तीवरच्या शेवटच्या नळाला जायचं, नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की समजायचं, इथवर येऊनही क्लोरीन उरलं आहे. नळ्यांमधून, वळणांमधून, सगळी घाण मारून झाल्यावरही थोडं उरलं पाहिजे. उरलं, तर पाणी चांगलं.

सगळे पिऊ लागले. माय पीत नव्हती. ती घागर घेऊन आडावरच जायची.

आड आता पूर्वीचा राहिला नव्हता. वरच्या अंगाला घरं झाली, गटार आलं. मी आडाचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. घाण असली तर पाणी काळं पडतं, अशी ती बाटली. पडलं. ग्रामपंचायतीनं आडाच्या कठड्यावर लाल रंगानं ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहिलं. मायला वाचता येत नाही, पण रंग कळला.

घरी आल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “माजा आड काळा पाडलास.”

“मी न्हाई पाडला. काळा व्हता, मी बघितला.”

“त्याच पान्यावर तू वाढलीस.”

“तवा गटार न्हवतं, माय.”

“तुज्या पान्याला कायच न्हाई. चव न्हाई, गोडी न्हाई. नुसता वास. कुन्या धरनाचं कुठनं आनलंय, कोन जाने. तसलं पानी परमुलखात घेऊन जाऊ? तिथं बी परकं अन् कॅनीत बी परकं?”

अप्पा मध्ये पडले, “आगं, पोरगी शिकलेली हाय, ती सांगती ते...”

“शिकली तर शिकली. पोट माजं हाय.”

मी उठून बाहेर आले. रागापेक्षा दुसरंच काहीतरी झालं होतं. लहानपणी ट्रॅक्टरमागं बघताना व्हायचं तसं. आणि भीती होती ती वेगळी. बाटलीत काळं पडलेलं तेच आडाचं पाणी घेऊन ती जाणार, दवाखाना लांब असलेल्या कुठल्यातरी फडात पहिली भाकरी त्याच पाण्यात मळणार. आणि आजारी पडली की म्हणणार, तिथलं पाणी लागलं.

घटस्थापनेच्या दिवसांत एकदा मी डबा मुद्दाम घरी विसरले. त्या निमित्तानं माय इथं यावी म्हणून; कुणाच्या हाती पाठवेल अशी धास्तीही होती. ती स्वतः घेऊन आली. डोक्यावर पदर, हातात डबा, फाटकाजवळ उभी. “इथं चपला काढायच्या का?” तिनं विचारलं. मामा म्हणाले, “या वहिनी, देऊळ न्हाई हे. दवाखाना हाय.”

मी तिला सगळं दाखवलं. काचेच्या भांड्यांत तलावाचं लालसर पाणी ओळीनं ठेवलं होतं, प्रत्येकात तुरटी कमीजास्त. कशात गाळ लवकर बसतो ते बघून त्या दिवशीची तुरटी ठरते. ती वाकून बघत राहिली. “हे तर मी घागरीत करीत व्हते. तुरटी फिरवली की घडीत खाली बसतंय.”

“तेच हाय. फकस्त घागर मोठी हाय.”

मग वाळूची गाळणी दाखवली. शेवटी पंपघराच्या मागं आलो. तिथून सगळा तलाव दिसतो, आणि लांबवर गेलेला मातीचा बांध. माय थांबली.

“पानी हितनंच घेता?”

“मग कुठनं? हितनंच.”

“धरनाचं न्हाई?”

“न्हाई गं. पहिल्यापासून हेच हाय. यंत्रं नवी हायत. पानी जुनंच.”

तिनं डबा खाली ठेवला आणि बांधाकडं हात केला. “ती तिकडं बाभळ दिसती का? तिथनं अलीकडं आमच्या टोळीची माती हाय. रोजगार हमीचं काम व्हतं. पाट्या वाहिल्या मी. तवा तू पोटात व्हतीस. मुकादम म्हनायचा, बाई, अर्धी पाटी घे. मी भरून घ्यायची.” मग म्हणाली, “ह्यो तलाव व्हायच्या आधी आड चैतात आटायचा. बांध झाला अन् आडाला पानी टिकलं. ह्याचाच पाझर त्यो.”

तिनं दाखवलेल्या बाभळीपासूनचा बांध मी नजरेनं मोजला. हे मला ठाऊक नव्हतं, आणि बोलले असते तर काहीतरी शिकवल्यासारखं बोलले असते.

“मंग तसं सांगायचं की,” ती म्हणाली. “नवं पानी, नवं पानी म्हनून कावून बोंबलत व्हते?”

ट्रॅक्टर आला त्या सकाळी मी कामावर होते. निघायच्या आधी ती कॅन घेऊन आली, धुऊन, राख लावून घासलेली. मी गाळणीच्या पुढच्या नळाखाली धरली. भरल्यावर तिनं वास घेतला, नाक मुरडलं.

“झाकन उघडं ठेवते जरा. रस्त्यानं वास उडून जाईल.”

“तसं करू नको माय, तो वासच राखण करतोय.”

“बरं बाई, डाक्टरीन.” तिनं झाकण लावलं, पण पुरतं फिरवलं नाही. मी बघितलं. तिनंही बघितलं की मी बघितलं. मग ती वळली. या वेळी मी पंपघराच्या गच्चीवर चढले. तिथून घाटनांदूरकडं जाणारा रस्ता दिसतो. मी आता मोठी आहे, कमावती आहे, पण मांडीवरचा पांढरा ठिपका दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. राग नव्हता. बाकी सगळं तसंच होतं.

ते पोहोचल्यावर मी रोज फोन करायचे. गाडी भरून झाली की संध्याकाळी ती उचलायची. मी विचारायचे, पोट कसं हाय? ती म्हणायची, “पोटाला काय धाड भरलीय?” कॅनचं विचारलं की विषय बदलायची, शेळी, थंडी, शेजारच्या कोपीतलं भांडण. वाटलं, वाटेतच ओतून दिलं असेल. आणि तिथलं पाणी भरलं असेल. मी विचारणं सोडून दिलं. सकाळी शेवटच्या नळाला जायचे, नळीतलं पाणी पिवळं झालेलं बघायचे, परत यायचे.

परवा तिनं आपणहून फोन केला. “आज पानी सोडलंस का?”

“सोडलं. कावून?”

“कावून न्हाई. हिथं बायका इचारीत व्हत्या, तुझ्या कॅनीचा कसला वास गं. म्हनलं, पोरीचा हाय.” मग हळू म्हणाली, “पानी तुटू दिलं न्हाई मी. सकाळी झाकन उघडलं की आजून तुजा वास येतोय.”

माझ्या शिक्षणाप्रमाणं ते शक्य नाही. क्लोरीन तर पहिल्या काही दिवसांतच उडून गेलं असणार. आणि इतक्यांदा अर्धी करून भरलेल्या कॅनमध्ये आमच्या तलावाचा थेंबही उरला नसेल. फळ्यावर मांडून दाखवता येईल मला. फोन कानाला होता. तिच्या मागं कुणीतरी बैलांना हाकत होतं, कोपीत भांडं वाजलं.

“झाकण घट्ट लावत जा,” मी म्हणाले.

“लावते की,” ती म्हणाली. “घट्टच लावते.”