शिजवायला आलेली टर्की

ते कार्ड मला कुणी वाचून दाखवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण वाचून दाखवा असं म्हणण्याची मला सवय नव्हती. सातवीत माझी शाळा सुटली. इंग्रजी अक्षरं लागायची, शब्द मात्र थोडेच लागायचे. नाव कुठे लिहायचं, पत्ता कुठे लिहायचा आणि घरात माणसं किती, एवढं कळायचं. बाकीचं मी समोरच्याकडे बघून करायचे.

२००५ साल होतं. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला एका मराठी कुटुंबात मी मुलगी सांभाळायला राहत होते. भावानं माझ्या ग्रीन कार्डासाठी पूर्वी कधीतरी केलेल्या अर्जावर बऱ्याच वर्षांनी नंबर लागला आणि मी अमेरिकेत आले. तोवर भाऊ टेक्सासला गेला होता आणि त्याच्या घरात मला जागा नव्हती. आयसेलिनच्या एका किराणा दुकानाच्या भिंतीवर चिठ्ठी होती: मराठी बाई हवी, राहून. मराठी असल्यामुळे ती मला वाचता आली, म्हणून ते घर मिळालं. ताई औषधाच्या कंपनीत होत्या आणि दादा रोज गाडीनं न्यूयॉर्कला जायचे. मुलगी पाच वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची, आणि आमचं छान चालायचं.

ते लोक शाकाहारी होते. घरात अंडंही यायचं नाही. मी वसईची, कॅथलिक. पहिल्याच दिवशी ताईंना सांगितलं होतं, जेवायला काहीही द्या, पण रविवारची मिस्सा चुकवायची नाही. त्यांनी लगेच हो म्हटलं. पलीकडच्या रस्त्यावर एक फिलिपिनो नर्स राहायची, ती मला गाडीत घालून चर्चला न्यायची. सगळे इंग्रजीत प्रार्थना म्हणायचे, मी त्यांच्या सुराला सूर लावून हळूच मराठीत म्हणायचे. देवाला दोन्ही कळत असणार.

त्या वर्षी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑक्टोबरात एकदा ताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "नेक्स्ट इयर ती फुल-डे स्कूलला जाईल, मग आम्हाला राहून कुणी लागणारच नाही." मी ताटं पुसत होते. तेच ताट मी किती वेळ पुसलं कोण जाणे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. माझी मुलगी तिकडे वसईला माझ्या आईजवळ राहून नर्सिंग शिकत होती, दुसऱ्या वर्षाला होती. तिचं पुरं होईपर्यंत मला इथून हलून चालणार नव्हतं. ताईंना सरळ विचारायचं धाडस नव्हतं. विचारलं आणि "हो, जा" म्हणाल्या तर? न विचारता निदान दिवस तरी जात होते. मग मी कामं वाढवली. न सांगता पडदे धुतले, दादांचे बूट पुसले. ताई म्हणाल्या, "मावशी, जरा बसत जा हो." त्याचीही मला भीती वाटली. बसलेली बाई कशाला ठेवायची?

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या, आभार मानायच्या इथल्या सणाच्या, आधी दोन रविवार फादरनी मिस्साच्या शेवटी काही सांगितलं. टर्की, कुटुंबं, मदत, एवढं माझ्या कानात शिरलं. मागच्या टेबलावर दोन रंगांची कार्डं ठेवली होती, पांढरी आणि पिवळी. नर्सबाई गाडी आणायला पुढे गेली होती. मला वाटलं, इथं येऊन दीड वर्ष झालं, लोक मला गाडीतून नेतात, डोनट देतात, हात हातात घेऊन "पीस", शांती असो, म्हणतात, आणि मी या देवळासाठी काडी हलवलेली नाही. आमच्या आळीत सण आला की कामं वाटून देतात. कुणाच्या घरी तांदूळ पोचतो, कुणाच्या घरी मटण. ज्यानं त्यानं आपापल्या घरी शिजवायचं आणि देवळामागच्या मांडवात आणून द्यायचं. मी समजले, तसंच काहीतरी असणार. पुढच्या बाईनं पिवळं कार्ड घेतलं, मीही पिवळंच घेतलं. हरवले तर दाखवायला ताईंनी पत्ता लिहून दिलेला कागद पर्समध्ये असायचा, त्यावरून एकेक अक्षर उतरवलं. माणसं चार लिहिली. टर्की शब्दापुढे चौकट होती, तिथे खूण केली आणि कार्ड टोपलीत टाकलं. पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं होतं.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात नवरा-बायको उभे, साठीचे असतील. तिच्या हातात ॲपल-पायचा डबा, त्याच्या हातात मोठं खोकं, आणि खोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गोठलेली टर्की, दोन वर्षांच्या पोराएवढी. माणसानं घराकडे पाहिलं, ड्राइव्हवेमधल्या ताईंच्या नव्या गाडीकडे पाहिलं (त्या दिवशी त्या घरून काम करत होत्या, वर फोनवर होत्या), मग हातातला कागद पाहिला. त्यानं पत्ता मोठ्यानं वाचला. मी म्हटलं, "येस, येस. मी." बाईनं मला मिठी मारली. "गॉड ब्लेस यू, हनी." मी म्हटलं, "थर्सडे रेडी." तिला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं पुन्हा मिठी मारली.

दार लावल्यावर मी टर्की उचलून पाहिली. एवढं मोठं पाखरू मी जन्मात शिजवलं नव्हतं. त्यात ओव्हन ताईंचा. त्या ओव्हनमध्ये केक व्हायचा तोसुद्धा बिनअंड्याचा. टर्की टॉवेलमध्ये गुंडाळून मी गॅरेजमध्ये मुलीच्या जुन्या बाबागाडीत ठेवली, कारण तिथे गारठा होता आणि बाबागाडी कुणी हलवत नव्हतं. खोकं तिच्यामागे सरकवलं. ठरवलं, ताई खाली आल्या की सांगू. ताई खाली आल्या, चहा झाला, मी सांगितलं नाही. दादा आले, तरी सांगितलं नाही. नुसतं एवढं विचारलं, "ताई, उद्या ओव्हन लागणार आहे का तुम्हाला?"

"का हो?"

"असंच."

जेवायला बसलो तेवढ्यात मुलगी गॅरेजमधून सायकलचं हेल्मेट घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "मम्मी, देअर इज अ बेबी इन द गॅरेज. इट्स फ्रोझन."

दादा चमचा टाकून पळाले. परत आले ते हसू दाबत. "अगं, टर्की आहे. बाबागाडीत झोपलीय." मागोमाग त्यांनी खोकंही आणलं. मक्याचे डबे, रताळी, क्रॅनबेरी सॉस, आणि तळाला एक पत्र. ताईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं, आधी मनात, मग मला कळावं म्हणून मराठीत. प्रिय कुटुंब, या कठीण दिवसांत तुम्ही एकटे नाही, आपल्या चर्चची सगळी मंडळी तुमच्या पाठीशी आहे.

"कठीण दिवस?" ताई म्हणाल्या. "कुणाचे? आपले?"

दादा हसले.

"तू हसू नकोस. माझ्या ऑफिसमधल्या दोघी त्या चर्चला जातात. पत्ता आपला दिलाय. मावशी, तुम्ही तिथे काय सांगितलंत? आम्ही तुम्हाला उपाशी ठेवतो?"

"काही नाही सांगितलं हो. मला वाटलं, शिजवायला दिलंय. गरिबांसाठी."

"कशात शिजवणार होतात? माझ्या ओव्हनमध्ये?"

"तुम्हाला विचारणारच होते."

"कधी?"

ताईंनी पत्राची घडी घालून माझ्यासमोर ठेवली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "हे उद्या परत द्यायचं. आणि काय झालं ते तुम्हीच सांगायचं. मी येणार नाही, मला लाज वाटते." मुलगी विचारत होती, टर्कीला नाव ठेवायचं का.

मला वाटलं, संपलं. पुढच्या सप्टेंबरपर्यंतही आता आपण राहत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणातरी गरिबाच्या घरचं जेवण माझ्या नावावर आलं होतं. मी चोरी केली नव्हती, पण वस्तू माझ्याकडे होती, त्याला दुसरं काय म्हणतात?

बुधवारी दादांना सुट्टी होती. त्यांनी मला आणि टर्कीला चर्चच्या हॉलपाशी नेलं. आत तीसेक माणसं खोकी भरत होती. सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांना ऐकायला कमी यायचं, कानात मशीन होतं. मी हळूच म्हटलं, "सॉरी. मिस्टेक." त्यांनी कान पुढे केला. "लाउडर, हनी." मी जरा मोठ्यानं म्हटलं. "लाउडर." शेवटी मी एवढ्या जोरात बोलले की खोकी भरणारे हात थांबले.

"आय नो पुअर. आय कॅनॉट रीड कार्ड. आय थॉट आय कुक."

दादा माझ्यामागे टर्की अंगापासून हातभर लांब धरून उभे होते. मग मंगळवारी आलेला तो माणूस पुढे आला. तो म्हणाला ते दादांनी मला मराठीत सांगितलं: "नवी गाडी मी पाहिली होती. पण आम्ही विचारत नाही. नोकरी आज असते, उद्या नसते, गाडी दारातच असते." दादांनी मान हलवली. तीन-चार वर्षांपूर्वी नोकरी जाऊन तेही पाच महिने घरी होते, हे मला नंतर कळलं.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे एवढं सगळं तू एकटी शिजवणार होतीस?"

"येस."

"ओव्हन कधी वापरलायस?"

"नो."

त्या खूप हसल्या, डोळे पुसले, आणि मला रताळ्यांच्या टेबलाकडे ढकललं. हॉलमध्ये थँक्सगिव्हिंगला एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी जेवण होतं, त्याची ती तयारी होती. पांढरं कार्ड मदत करणाऱ्यांचं होतं, पिवळं मदत हवी असणाऱ्यांचं; तिथल्या बायका पांढऱ्या कार्डावर लिहून आल्या होत्या, मी पिवळ्यावर. माझी टर्की कुणातरी उशिरा नाव दिलेल्या घरी त्याच दुपारी रवाना झाली. सोलाणं नको म्हणून मी सुरी मागितली. त्या बायका सोलाण्यानं एक सोलेपर्यंत माझी दोन होत. शेजारची म्हणाली, "ही कोण, मशीन?" एवढं इंग्रजी मला कळलं. दादांना गाडीत बसून राहायचं होतं, पण त्यांना कुणी बसू दिलं नाही. खोकी उचलायला लावली.

घरी आल्यावर ते ताईंना म्हणाले, "यार, आज मी सतरा टर्क्या उचलल्या. आईला सांगू नकोस."

ताई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलंत का सगळं?"

"सांगितलं. वाचता येत नाही म्हणून चूक झाली, असं सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर."

गुरुवारी दुपारी चार मराठी कुटुंबं जेवायला येणार होती. ताई भोपळा किसत होत्या, मी घारगे लाटत होते. एकीकडे तळणं चालू होतं. अजून आमच्यात सरळ बोलणं झालं नव्हतं, नुसतं मीठ द्या, झारा द्या. मला एकदम वाटलं, काल तीस अनोळखी माणसांसमोर ओरडून सांगितलं की मला वाचता येत नाही. त्याहून अवघड काय उरलंय?

"ताई, पुढच्या वर्षी मला ठेवणार की काढणार?"

त्यांचा किसणारा हात थांबला. "हे आत्ता विचारायचं, मावशी? दोन तासांत लोक येतायत."

"आत्ता धीर झालाय. उद्या असेल की नाही माहीत नाही."

त्यांनी किसणी बाजूला ठेवली. "फोनवरचं ऐकलंत ना तुम्ही?"

"हो."

"तेव्हापासून पडदे धुताय." त्यांनी पदर नव्हता म्हणून ओढणीनं घाम पुसला. "खोटं सांगत नाही. ऑगस्टपर्यंत नक्की. पुढे दुपारचे तीन तास लागतील, राहून नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला अडवून ठेवणं बरोबर नाही. मीच बोलणार होते, पण..." आणि मग, "परवाचं माझं चुकलं. उपाशी ठेवतो वगैरे मी बोलायला नको होतं."

"तुम्ही विचारलंत, मी न विचारता बसले होते."

"घारगा जळतोय," त्या म्हणाल्या. खरंच जळत होता.

ऑगस्ट म्हणजे नऊ महिने. मुलीचं नर्सिंग पुरं व्हायला दीड वर्षावर वेळ होता. हिशेब जुळत नव्हता. तरी त्या दिवशी पाहुण्यांना मी निवांत वाढलं. भीती गेली नव्हती. आधी ती चोहोकडून यायची, आता तिचा महिना ठरला होता. लोकांनी टेबलाभोवती एकेकानं कशाबद्दल आभारी आहोत ते सांगितलं. मुलीनं टर्कीचं नाव घेतलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, सगळ्याबद्दल. लोकांना वाटलं, मावशी लाजल्या.

रविवारी आगमनकाळ, नाताळआधीचे चार आठवडे, सुरू झाला. फादर जांभळ्या वस्त्रात होते, हिरव्या फांद्यांच्या चक्रात चारांपैकी पहिली मेणबत्ती लावली. आमच्या गावात या दिवसापासून नाताळची लगबग सुरू होते. मी मात्र प्रवचनभर शब्द जुळवत बसले होते, इंग्रजीत, एकेक. मिस्सा झाल्यावर नर्सबाई म्हणाली, "गाडी आणते." मी म्हटलं, "थांब जरा." आणि हॉलमध्ये गेले. पांढऱ्या केसांच्या बाई कॉफीच्या भांड्यापाशी होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, सप्टेंबरपासून कुणाला घरी राहून काम करणारी बाई हवी असेल तर मी आहे. म्हातारं माणूस असलं तरी चालेल, मूल असलं तरी चालेल. लिहायचं काम मात्र जमणार नाही.

त्यांनी कानातलं मशीन चाचपलं, कॉफीचा कप खाली ठेवला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे ओढली. "बस," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांग. मोठ्यानं."