बाटलीतलं ऊन

केमोने माझा चेहरा पांढराफटक पडला होता. पुण्यात आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि रविवारी तिचा व्हिडिओ कॉल ठरलेला. म्हणून आम्ही दोघं इथे जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका दुकानात, ऊन न लागता रंग चढवणाऱ्या लोशनांपुढे उभे राहिलो. लहानपणी मी उजळावं म्हणून आईने साय आणि डाळीचं पीठ चोळचोळ चोळलं होतं. तिची सगळी मेहनत मी आता पाण्यात घालणार होते.

"अहो, फिकट घेऊ की गडद?"

"मध्यम घे," नवरा म्हणाला. "गडद लावलंस तर आई विचारतील, ही दुसरी कोण आणलीत?"

मी मधली बाटली उचलली तशी विक्रेतीनेही मान डोलावली. "गेनाऊ, अगदी बरोबर! सुट्टीवरून आल्यासारख्या ठणठणीत दिसाल."

रविवारी आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "अगं, किती काळवंडलीस! काय होतंय तुला?"

इतकी वर्षं इथे राहून मी विसरलेच होते, आमच्याकडे खंगलेलं माणूस काळवंडतं.

"काही नाही गं, उन्हात फिरले."

"कुठल्या उन्हात?" आईने विचारलं. नोव्हेंबर होता, आणि कित्येक दिवसांत ऊन दिसलं नाही ही कुरकुर मीच तिच्यापाशी केली होती.