जो वाचतो, त्याची कथा नसते

आमच्या बैठकीचा नियम एकच होता. ज्याची कथा, त्यानं ती वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचायची. लेखकानं गप्प बसून ऐकायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि मग वाटलं तर शेवटी बोलायचं.

नियम काकांचा. काका बँकेतून निवृत्त झालेले. रायपूरच्या शंकर नगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही रविवारी दुपारी जमायचो. "आपली कथा आपणच वाचली की आवाजाचा टेकू लागतो," ते म्हणायचे. "टेकू काढा. उभी राहते का पडते ते पाहू."

मी पत्रकांवर वाढले. बाबा शहराबाहेर, सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरं मी 'आमच्या मागण्या'पासून जोडायला शिकले. त्यामुळे माझ्या कथेत लवकरच कुणीतरी मूठ आवळायचं. काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "पोरी, खाली जिंदाबाद लिहायचं राहिलं का गं?" सगळे हसायचे. मी चिडायचे आणि पुढच्या रविवारी आणखी कडक कथा आणायचे.

बैठकीत आणखी दोघं होती. एक मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दादा, जो मराठीत लिहायचा आणि हिंदीत बोलायचा. दुसऱ्या वहिनी. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो. त्यांचा नवरा सिलतऱ्याच्याच एका कारखान्यात ड्रायव्हर होता. कधी साहेबांची गाडी, कधी रुग्णवाहिका, सांगतील ते चालवायचा. वहिनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहीत आणि मी ते स्वच्छ उतरवून देई. आमच्यात हे चालायचंच. दादा काकांच्या कथा टाइप करून नागपूरच्या मासिकांना पाठवी, काका माझी विशेषणं खोडून देत. कुणाची कथा छापून आली की वहिनी सगळ्यांसाठी साबुदाणा वडे आणत.

कमी होती ती ऐकणाऱ्यांची. रायपुरात मराठी घरं पुष्कळ, पण पोरांना मराठी समजतं आणि उत्तर हिंदीत येतं. काकांच्या नातवानं त्यांची कथा शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "बढ़िया है दादाजी, अब हिंदी में बताइए." त्यामुळे गणपतीच्या कार्यक्रमात पुण्याकडून बदलून आलेले एक साहेब भेटले आणि "मला कथा ऐकायला फार आवडतात" म्हणाले, तेव्हा काका हरखून गेले. पत्ता दिला, जिना दाखवला, आपल्या शेजारची खुर्ची दिली. साहेब कुठे नोकरी करतात हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनीच सांगितलं. सिलतऱ्याला. वहिनींचा नवरा ज्या कारखान्यात होता, त्याच कारखान्यात, कर्मचारी विभागात.

वहिनींनी तेव्हा पदर सारखा केला, इतकंच. आपला नवरा तिथे आहे हे त्या बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

साहेब ऐकायचे मात्र छान. डोळे मिटून, मान जराशी वाकडी करून. त्यांना नियम फार आवडला होता. "म्हणजे जो वाचतो, त्याची कथा नसते," ते हसून म्हणाले होते. "हे लक्षात ठेवायला हवं." खिडकीच्या कट्ट्यावर सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ साचलेली असायची. ते जाताना तिच्यावरून एक बोट फिरवायचे, बोटाकडे बघायचे आणि रुमालाला पुसायचे. चहा अर्धा ठेवायचे.

वहिनींची कथा त्याआधीपासून चालली होती. एक माणूस कारखान्यात मरतो. त्याला फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन ठेवतात, म्हणजे अपघात रस्त्यावरचा ठरेल. हे सगळं सांगते त्याला नेणाऱ्या ड्रायव्हरची बायको. पहिल्या खर्ड्यात ती बायको पानभर रडत होती. काका म्हणाले होते, "वहिनी, रडणं काढा. त्याजागी एखादी वस्तू ठेवा." आठवडाभरानं वहिनींनी वस्तू आणली. बूट. मेलेला माणूस कामावर चपलेत होता. रस्त्यावर ठेवण्याआधी बूट दिले नव्हते असं कुणी म्हणू नये म्हणून त्याच्या पायांत नवे, कंपनीचे, जाड बूट घातले, आणि नाडी समोर बसलेल्या माणसानं बांधल्यामुळे गाठ उलटी पडली. घरी नवऱ्याचे बूट काढताना त्या बायकोला त्यानं सांगितलेली ती उलटी गाठ आठवते. कथा तिथेच संपते.

उतरवून घेताना माझा हात थांबला होता. पण कथा खरी की रचलेली हे आमच्यात कुणी विचारत नसे. मी विचारलं नाही.

त्या रविवारी काकांनी ती वाचली. साहेब येणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं, गावाला जाणार म्हणाले होते. काकांनी वाचायला सुरुवात केली आणि दारात साहेब बूट काढत होते. काका थांबले असते तर आम्ही काहीतरी लपवतोय हे दिसलं असतं. ते वाचत राहिले.

वाचून झाल्यावर दादा म्हणाला, "एकदम टाइट है." मी काहीतरी बोलले. मग साहेबांनी डोळे उघडले.

"कथा चांगली आहे. फारच नेमकी. पण मला वाटतं, लेखकानं थोडं सांभाळायला हवं होतं. तो माणूस मरायची गरज नव्हती. जखमी चालला असता. रस्ता, फाटक, हे इतकं ओळखीचं कशाला? आणि बूट." ते थांबले. "बूट कुठून सुचले असतील, याचंच मला कुतूहल आहे. कल्पनेनं माणूस फार तर चपला घालेल. उलटी गाठ कशी सुचेल?"

काकांनी पानं मिटली.

"शेवट बदलला तर कथा जगेल," ते म्हणाले. "आता सगळ्यांचं बोलून झालं ना? लेखकानं बोलावं."

त्यांनी आधी काकांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. काकांनी वाचली होती, म्हणजे ते नव्हते. मग दादाकडे. मग माझ्याकडे. मग वहिनींकडे. प्रत्येकाकडे सारखाच वेळ. वहिनींचे ओठ हललेले मी पाहिले. त्यांना खोटं बोलता येत नसे. गप्प बसणं येत होतं, पण नियमानं आता गप्प बसायचं कारण संपलं होतं.

काका उठले. "आज लेखकाची बोलायची इच्छा दिसत नाही. चहा घ्या."

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा वाचा. बदललेली ऐकू."

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीत बसले होते. समोर पेढ्यांचा खोका, न उघडलेला.

"एक साहेब येऊन गेले," बाबा म्हणाले. "कारखान्याचे. म्हणाले, जुन्या युनियनवाल्यांना भेटत असतो. म्हणाले, पोरगी चांगलं लिहिते."

"मी घरी पोचायच्या आत?"

"गाडी आहे त्यांच्याकडं. तुले बस भेटते का रविवारी?" मग हळू आवाजात, "काय लिहिलंस, बाई?"

मी सगळं सांगितलं. बाबांनी खोका उघडलाच नाही, तसाच उचलून बाहेर गाईपुढे नेऊन टाकला. त्यांना इतकं चिडलेलं मी खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

मधल्या दिवसांत वहिनींचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला कारखान्यात, हजेरीच्या टाइम ऑफिसमध्ये, बोलावून विचारलं होतं, घरचे काय करतात, रविवारी कुठं जातात का. त्यानं सांगितलं, भजनाला.

मी पेटले. बुधवारी ऑफिसातून परस्पर काकांकडे गेले. वहिनी आणि दादाही आले होते. "पत्रक काढू," मी म्हणाले. "सरळ लिहू. कारखान्याचं नाव, बूट, सगळं. शहरभर वाटू."

"और भाभी का घर?" दादा म्हणाला. "जला दो ना यार वो कहानी. दूसरी लिख लेंगी."

"दुसरी काहून लिहू?" वहिनी म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "मले एकच होती सांगायची. ह्यांनी ती गाठ बांधली तेव्हापासून ते घरी बूट घालून येत नाहीत. कारखान्याच्या फाटकातच काढून अनवाणी येतात. मी काय करू, जाळू?"

खरी की रचलेली ते आम्हाला कळलं. कुणी विचारलं नव्हतं.

"तुझं पत्रक एका दिवसाचं, बाई," त्या मला म्हणाल्या. "उद्या लोक त्यात भजी बांधतील. ह्यांची ड्युटी रोजची आहे."

मला राग आला, कारण ते खरं होतं. बाबांचं एक वाक्य मला आठवलं. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव ते कधी टाकत नसत. ज्याला कामावरून काढलं तरी त्याचं घर उभं राहील, त्याचं टाकत. मी नव्या रायपुरात एका कार्यालयात कंत्राटावर आहे. घरात बाबांची पेन्शन आहे, भाऊ कमावतो. मला काढलं तरी आमच्या घरी चूल पेटेल.

"नाव माझं जाईल," मी म्हणाले. "साहेबाला तसंच वाटतंय. वाटू द्या."

काकांनी चष्मा काढला. "दुसऱ्याची कथा आपल्या नावानं, हे मी जन्मभर चोरी म्हणून शिकवलं," ते म्हणाले. "आणि वाचायची कोणी?"

"मी वाचते," वहिनी म्हणाल्या.

आम्ही त्यांच्याकडे बघितलं. मग काकांना आधी कळलं, मग मला. जो वाचतो, त्याची कथा नसते. साहेबांनीच ते लक्षात ठेवलं होतं.

रविवारी साहेब वेळेवर आले. बूट दारात काढले. वहिनींनी चहा दिला, पदराला हात पुसले आणि माझ्या अक्षरातली पानं उचलली. कथेतला एक शब्दही बदललेला नव्हता.

वहिनींनी ती किराण्याची यादी वाचावी तशी वाचली. सपाट, कंटाळलेल्या आवाजात. फाटक गेलं, रस्ता गेला. मी जमिनीकडे बघत होते. बुटांपाशी त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय लिहिलंस गं हे? अक्षर लागत नाही बाई तुझं."

मी पानावर वाकले. "नाडी," मी म्हणाले. "नाडीची गाठ."

"हव. नाडीची गाठ," म्हणून त्या पुढं वाचू लागल्या.

सगळ्यांचं बोलून झालं. साहेब या वेळी फक्त म्हणाले, "शेवट तसाच ठेवलाय." मग मी बोलले. आवाज पत्रकासारखा निघाला, त्याला माझा इलाज नव्हता. "कथा माझी आहे. शेवट बदलणार नाही. आणि बूट राहतील."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "वडिलांवर गेलात," म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी चहा तळापर्यंत प्यायला. कप खाली ठेवला, खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, पुसलं. दारात बसून बूट घातले. नाडी बांधायला त्यांनी फार वेळ घेतला.

"वहिनी, तुम्ही छान वाचता," नाडी ओढत ते म्हणाले. "अक्षर लागलं असतं तर आणखी छान वाचलं असतं." उभे राहिले. "अहो, माझा नेहमीचा ड्रायव्हर आज रजेवर आहे. म्हणून तुमच्या मिस्टरांना घेऊन आलो. खाली गाडीत आहेत. वर या म्हटलं तर नको म्हणाले. म्हणाले, बायको इथं भजनाला आलीय, मध्ये कशाला जाऊ."

ते जिना उतरून गेले. वहिनी खिडकीशी गेल्या आणि मी त्यांच्या मागे. खाली पांढरी गाडी उभी होती. वहिनींच्या नवऱ्यानं मागचं दार उघडून धरलं होतं. साहेब आत बसेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. दार लावून तो पुढं आला तेव्हा आम्हाला त्याचे पाय दिसले. अनवाणी.

कथा दिवाळी अंकात आली, माझ्या नावानं. वहिनींनी वडे आणले, आम्ही खाल्ले. माझं कंत्राट या महिन्यात संपतं आणि नव्या करारपत्राबद्दल कार्यालयात कुणी काही बोलत नाही. ते मला अपेक्षित होतं. वहिनींच्या नवऱ्याला मात्र कुणी काढलेलं नाही. त्याला आता कायम त्या साहेबांच्याच गाडीवर लावलंय. रोज सकाळी तो त्यांना नेतो, संध्याकाळी सोडतो. साहेब गाडीत त्याच्याशी मराठीत बोलतात, घरची चौकशी करतात. परवा त्यांनी विचारलं, वहिनी सध्या काही नवीन वाचतात की नाही.

वहिनी लिहीत आहेत. कॅलेंडरची पानं माझ्याकडे येतात आणि मी उतरवून घेते, थोडं वाईट अक्षर काढून. रविवारी साहेबांची खुर्ची आम्ही हलवलेली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की जो वाचत असेल तो वाचतच राहतो.