विशेष बाब

दोन्ही वाड्यांचा मिळून एकच अर्ज करायचा, ही कल्पना माझी. कुलमुखत्यारपत्र दादाच्या नावाने द्यायचं, हीसुद्धा माझीच. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी नुसता फसवला गेलो, आणि तसं वाटलेलं मला आवडेल.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. आमची नारळी-पोफळीची वाडी आणि शेजाऱ्यांची वाडी यांच्यामध्ये एक विहीर होती, दोन्ही घरांची. शेजारच्या घरातला थोरला मुलगा दादाच्या वर्गात. मी त्याला लहानपणापासून भाई म्हणतो आणि तो मला बारक्या. मी प्राथमिक शाळेत असताना मासळीच्या गोदामासाठी सरकारने दोन्ही वाड्या संपादित केल्या. गोदाम कधी झालंच नाही. कुंपणाच्या तारा गंजल्या, आत रान माजलं आणि दोन्ही कुटुंबं गावाबाहेर पडली.

भाई तरुणपणीच इकडे आखातात, रास अल खैमाला आला. टाइल्सच्या फॅक्टरीत, भट्टीच्या विभागात सुपरवायझर झाला. मी पुष्कळ उशिरा अबुधाबीत आलो, एका बांधकाम कंपनीच्या कॉन्ट्रॅक्ट्स सेक्शनमध्ये. दुसऱ्यांनी लिहिलेली कलमं वाचणं हेच माझं काम. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी भाई अडीच तास गाडी चालवत आमच्याकडे यायचा.

अशाच एका शनिवारी जेवताना तो म्हणाला, "बारक्या, दोन वर्षांनी माझा व्हिसा खलास. तुझा पुण्यात फ्लॅट आहे. मी कुठे जाऊ सांग."

वाड्या परत मागता येतील का, हे मी रत्नागिरीच्या एका वकिलांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "एकदा संपादन झालं की जमीन सरकारची. वापरली नाही म्हणून कोर्ट परत देणार नाही. मात्र विधिमंडळाकडे आमदारामार्फत विनंती अर्ज करता येतो. समिती ऐकून घेते. तिने शिफारस केली आणि सरकारने ती मानली, तर विशेष बाब म्हणून जमीन मिळू शकते. तो हक्क नव्हे, हे लक्षात ठेवा."

मग आम्ही चार-पाच शनिवार आमच्या डायनिंग टेबलावर बसून तो अर्ज लिहिला. भाई सांगायचा, मी लॅपटॉपवर टाइप करायचो. विहीर कोणी खणली, फणस कुठे होता, पंचनाम्याच्या दिवशी त्याच्या अब्बांनी तलाठ्याला शहाळं फोडून दिलं होतं, सगळं त्याला आठवत होतं. एकदा माझी मुलगी खुर्चीमागे उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "बाबा, सो यू आर जस्ट आस्किंग देम टू बी नाइस?"

"जवळजवळ तसंच," मी म्हटलं. भाई मनापासून हसला.

अर्जदार क्रमांक एक मी आणि दादा, अर्जदार क्रमांक दोन भाई. सुनावणीला, सरकारी कचेऱ्यांत जायला गावाकडचं कोणीतरी हवं होतं. भाईचा एक मेहुणा होता महाडला, पण मी म्हटलं, "दादा रत्नागिरीतच आहे, तुझा दोस्त आहे, आणि एकाच माणसाने दोन्ही पाहिलं तर घोळ होणार नाही." भाईने लगेच मान डोलावली. आम्ही दोघांनी एकाच दिवशी वकिलातीत कागद साक्षांकित करून घेतले. बाहेर आल्यावर त्याने मला कडक चहा पाजला.

दादाने काम मनापासून केलं, हे नाकारून चालणार नाही. तो आमदारांकडे खेपा घालायचा, मुंबईला जायचा, आम्हा तिघांच्या ग्रुपवर खबर टाकायचा. समिती पाहणीला आली तेव्हा त्याने विहिरीचा व्हिडिओ पाठवला. भाईने तो मला पुन्हा वेगळा पाठवला, खाली फक्त एक शब्द लिहून : इन्शाल्ला.

दोन वर्षं होत आली होती. एका सकाळी मी ऑफिसला निघालो असताना दादाचा फोन आला. "झालं रे! सरकारने शिफारस मान्य केली. विशेष बाब म्हणून!"

मी गाडी कडेला घेतली. "भाईला सांगितलंस?"

"त्याला मी सांगतो सावकाश. तू नको फोन करूस."

"सावकाश का?"

"आधी आपलं झालंय. त्याचं पुढच्या टप्प्यात होईल. तू कामाला जा."

मी कामाला गेलो. टप्पे असतील, असं खरंच वाटलं मला. दुपारी दादाला आदेशाची प्रत मागितली. त्याने टाळाटाळ केली, तेव्हा वकिलांकडून मागवली. दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये डब्यातली भाकरी खात मी ती वाचत होतो. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं : अर्जदार क्रमांक दोन यांनी आपली मागणी मुखत्यारामार्फत लेखी मागे घेतली असल्याने तिचा विचार करण्यात आलेला नाही.

मी ते वाक्य चार-पाचदा वाचलं. समोरचा केरळी सहकारी म्हणाला, "क्या हुआ भाई, घर पे सब ठीक?" मी हो म्हटलं. डबा तसाच बंद केला आणि पार्किंगमध्ये जाऊन दादाला फोन लावला.

"भाईच्या वतीने सही तू केलीस?"

तो म्हणाला, "समितीचं म्हणणं पडलं, एकाच कुटुंबाचं होईल. दोघांना दिलं तर पायंडा पडतो. दोघांचंही बुडण्यापेक्षा..."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

त्याच आठवड्यात मी आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन केला. सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "एकालाच मिळेल असं कोणी म्हटलेलं नव्हतं, साहेब. दोन्ही नावं शेवटपर्यंत होती. मागे घेतल्याचा कागद तुमच्या भावानेच आणून दिला. म्हणाले, शेजारी परदेशातच स्थायिक होणार आहेत."

दादाने असं का केलं, याचं नीट उत्तर मला आजही मिळालेलं नाही. विहीर आपल्याच हद्दीत यावी एवढ्यासाठी, असं वहिनी एकदा बोलून गेली. आम्ही दोन भाऊ एका ताटात जेवलेले. तो कॉलेजला असताना माझी फी भरता यावी म्हणून त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं होतं. त्या माणसाने खोटी सही केली असती तर मी त्याला खोटारडा म्हणून मोकळा झालो असतो. पण सही खरी होती. ती करायचा अधिकार आम्हीच त्याच्या हातात दिला होता.

शनिवारी मी एकटाच रास अल खैमाला गेलो. भाईने दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून म्हणाला, "मोजणीवाले येऊन गेले. गावातून फोटो आलेत मला. आत ये."

भाभीने पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. एरवी ती माझ्याशी तासभर बोलायची. मी आदेशाची प्रत टीपॉयवर ठेवली. भाईने चष्मा लावून ती पूर्ण वाचली.

"तुला माहीत होतं?"

"नाही. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ कशाला घेतोस." त्याने कागदाची घडी केली. "तो माझ्या बाजूला बसायचा रे शाळेत. त्याने सांगितलं असतं, भाई, तुझं नाव मागे घे, तरी मी एकदा विचार केला असता."

मी म्हटलं, "माझा हिस्सा मी तुझ्या नावावर करतो."

"खाली अट वाचलीस ना? कुटुंबाबाहेर हस्तांतर करता येणार नाही."

अट मी वाचली होती. तरी बोललो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी माझ्या मेहुण्याच्या नावाने कागद करणार होतो. दादाच्या नावाने कर, असं तू म्हणालास."

त्याने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खाली गाडीपर्यंत आला, सीटबेल्ट लाव म्हणाला. पण त्यानंतर आमच्याकडे तो एकदाही आला नाही.

मी समितीला पत्र लिहून सगळी हकीकत कळवली. उत्तर आलं, मागणी कायदेशीर मुखत्याराने मागे घेतली आहे, अर्जदाराने हवं तर नवा अर्ज करावा. मी भाईला मेसेज केला की मसुदा तयार आहे, फक्त तारीख बदलायची. त्याने उत्तर दिलं, "शुक्रिया. महाडहून करतोय." नवा अर्ज त्याने दुसऱ्याकडून लिहून घेतला. तो अजून कुठेतरी पडून आहे.

साठाव्या वर्षी भाईची नोकरी संपली. तो इथून कधी परत गेला हे मला कळलंही नाही. त्याच्याच फॅक्टरीतल्या एका माणसाकडून कळलं की महाडला मेहुण्याच्या घराजवळ त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. मी सवयीने त्याचा इथला नंबर लावला. पलीकडून कोणी पठाण ड्रायव्हर बोलला, "ये नंबर अब मेरा है, भाईसाब. आप दो बार पहले भी किये थे." त्याच्या आवाजात राग नव्हता.

सातबाऱ्यावर नावं चढवायला माझी संमती लागते. दादाने तो कागद तीनदा पाठवला. शेवटच्या वेळी त्याने सोबत चिठ्ठी लिहिली होती, विहीर साफ करून घेतली आहे, पाणी छान लागलंय. माझी बायको म्हणते, सही करायची नसेल तर तसं स्पष्ट कळव ना त्यांना. मी अजून काहीच कळवलेलं नाही.