स्टेपनीची पूजा

यंत्राला कुंकू लावल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. पुस्तकं माझ्या वाट्याला चौथीपर्यंतच आली. पण उभा जन्म पिठाची गिरणी चालवली, आणि रोज सकाळी पट्टा चढवायच्या आधी मोटरीला हळदकुंकू लावलं. मोटरीनं मला कधी दगा दिला नाही. दिला तो विजेनं. विजेला कुंकू लावता येत नाही, नाहीतर तेही केलं असतं.

म्हणून इकडे ऑस्ट्रेलियात, टूवूंब्यात मुलाच्या दारात नवी गाडी आली तेव्हा मी कुणाची परवानगी घेतली नाही. दिवस पाडव्याचा. मी आलो होतो थोडे दिवस राहून परत जायला, आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं परतीचं विमान रद्द झालं. करोना. तेव्हा म्हटलं, आता राहायचंच आहे तर घरातल्या गोष्टी रीतसर झालेल्या बऱ्या. गाडीच्या नाकावर मधोमध एक चकचकीत बिल्ला होता. कपाळच ते. त्यावर हळद, वर कुंकू, चार अक्षता. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत.

गाडी सूनबाईची. ती इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. मुलगा घरूनच काम करतो, वर शर्ट आणि खाली लुंगी. त्याला गाडी नसली तरी चालते. सूनबाईला नसली तर चालत नाही, कारण या गावात बस म्हणजे आली तर आली. जुनी गाडी नवीच्या बदल्यात देऊन टाकलेली. म्हणजे जे काही होतं ते या एका गाडीवर होतं.

आणि ही गाडी मधेच थांबायची.

थांबायची म्हणजे बंद पडायची नाही. बंद पडणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यांना धक्का मारता येतो. ही स्वतःच्या मनानं ब्रेक मारायची. पुढे माणूस आला तर आपोआप थांबावं म्हणून तिच्यात रडार बसवलेलं. पण माणूस, कुत्रं, कांगारू, काही म्हणता काही नाही, आणि ही मोकळ्या रस्त्यावर लाल दिवे लावून, टीं टीं ओरडून गपकन उभी. मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे. मी म्हटलं, हिला काहीतरी दिसतं. इतक्या शेतांमधून इतका रिकामा रस्ता जातो म्हटल्यावर काही दिसत असेलही.

सूनबाई हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, पहाटेच्या अंधारात मागून ट्रक येत असताना ही अशी थांबली तर मी हॉस्पिटलात जाईन खरी, पण कामाला नाही."

गाडी शोरूमच्या वर्कशॉपात गेली. आली. परत गेली, परत आली. दर वेळी त्यांनी एकच सांगितलं, "नो फॉल्ट फाऊंड." दर वेळी गाडी धुऊन, पुसून, सीटवर प्लास्टिक घालून द्यायचे. माझं कुंकू धुऊन काढायचे. मी परत लावायचो. ते त्यांचं काम करत होते, मी माझं.

मुलानं कॉम्प्युटरवर शोधून काढलं की असल्या गाडीला लोक लेमन म्हणतात, आणि अमेरिकेत तिच्यासाठी वेगळा लेमन लॉ आहे.

"लिंबानं कुणाचं काय वाईट केलंय?" मी म्हटलं.

"बाबा, प्लीज."

"इथे त्या नावाचा कायदा नाही," सूनबाई म्हणाली. तिनं ग्राहकांच्या सरकारी ऑफिसला फोन लावून सगळं नीट विचारून घेतलं होतं. "पण ग्राहकाचा कायदा आहे. दोष मोठा असेल तर दुरुस्ती करून घ्यायची, दुसरी गाडी घ्यायची, की गाडी परत देऊन पैसे घ्यायचे, हे आपण ठरवायचं. विकणाऱ्यानं नाही. कंपनीकडे जा म्हणून तो आपल्याला पिटाळूही शकत नाही. फक्त एक, दोष आपल्या वागण्यानं झालेला नसला पाहिजे."

मी मान डोलावली. आपल्या वागण्यात काय दोष असणार?

पुढच्या खेपेला वर्कशॉपच्या मॅनेजरनं गाडी धुवायच्या आधी तिचा फोटो काढला. मोठा, तांबूस, मिशाळ माणूस. मास्कच्या दोन्ही बाजूंनी मिशा बाहेर. त्यानं तो फोटो मुलाला पाठवला. गाडीचा बिल्ला, त्यावर माझं हळदकुंकू, अक्षतांसकट. खाली लिहिलं होतं की रडार या बिल्ल्याच्याच मागे असतं, आणि त्यावर गाडीमालकानं काहीतरी पदार्थ थापला आहे. सबब हा दोष कंपनीचा नाही.

मुलगा लुंगीसकट खोलीतून बाहेर आला. "बाबा! तुम्ही रडारवर कुंकू लावलंत?"

"कपाळावर लावलं."

"गाडीला कपाळ नसतं!"

"तुम्हीच सांगता, रडार म्हणजे तिचे डोळे. डोळे आहेत आणि कपाळ नाही, असा प्राणी दाखव मला."

"आता तो आपल्याला दारात उभं करणार नाही. लॉ गेला, गाडी गेली, सगळं तुमच्या कुंकवात गेलं."

सूनबाई जेवत होती. ती घास खाली ठेवून म्हणाली, "थांब रे. मागच्या वेळी वर्कशॉपमधून येताना बाबांच्या मांडीवर आमटीचा डबा होता. आठवतं?"

कसं विसरेन? येताना आम्ही तिच्या मैत्रिणीकडून आमटी घेतली होती. रस्त्यात गाडीला भूत दिसलं आणि ती सगळी माझ्या धोतरावर आली.

"तेव्हा बिल्ला धुतलेला होता," ती म्हणाली. "बाबांनी अजून हात लावला नव्हता. म्हणजे कुंकू नसतानाही ब्रेक लागला."

तिनं हेच मॅनेजरला फोनवर सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, आमटी मी पाहिली नाही. आठवडाभर बिल्ल्याला काही लावू नका, मग मी स्वतः गाडी चालवतो. माझ्यासमोर ब्रेक लागला तर मी मान्य करीन.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं.

"एकच आठवडा, बाबा," मुलगा म्हणाला.

"मोटरीला कुंकू न लावता मी एक दिवस गिरणी उघडली नाही. मिशीवाल्यानं सांगितलं म्हणून आता सोडू?"

सूनबाई वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं कोट चढवला, टॉर्च घेतला, गाडीची चावी टेबलावरच ठेवली आणि चालत निघाली. टूवूंब्यात हिवाळा जूनमध्ये, गवतावर बर्फाची साय धरते. मी खिडकीतून तिचा टॉर्च रस्त्यानं हलत जाताना पाहिला. गाडी दारात उभी होती, कपाळाला कुंकू लावून, मजेत.

मला वाटलं, माझं चुकलं नव्हतंच. फक्त जागा बदलायला हरकत नाही.

मी बिल्ला स्वच्छ पुसला. मग डिकी उघडली. खालचं झाकण उचललं. आत स्टेपनी होती, काळीभोर, निवांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रडार नाही, वायर नाही, बिल्ला नाही. चाक आहे म्हणजे गाडीच आहे. तिला हळदकुंकू, अक्षता, आणि शेजाऱ्याच्या कुंपणातलं एक पिवळं फूल. झाकण लावलं. घरात कुणाला काही बोललो नाही. सगळ्यांना वाटलं म्हातारा नमला. वाटू दिलं.

आठवडा झाला आणि मॅनेजर आला. करोनाचे नियम म्हणून तो एकटा पुढे, मी आणि सूनबाई मागे, चारही काचा खाली. थंडीनं माझे कान गळून पडायच्या बेताला आले होते. त्याच्या एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात कॉफीचा कप, मास्क हनुवटीखाली. ही किती चांगली गाडी आहे ते तो सांगत होता. ज्वारीच्या शेतांमधून सरळ रस्ता. गाडी इतकी शहाण्यासारखी चालली होती की मलाच तिचा राग यायला लागला. मनात म्हटलं, बाई, आज तरी काहीतरी बघ.

मॅनेजर मागे वळून म्हणाला, "सी? नो वरीज..."

टीं टीं टीं. गपकन.

कॉफी मिशांवर गेली. तिथून शर्टवर. मागे कुणी नव्हतं हे नशीब.

तो दार उघडून खाली उतरला. पुढे जाऊन रस्ता पाहिला. तारेवर एक मॅगपाय पक्षी बसला होता, तोही रस्ता पाहायला लागला. रस्त्यावर काहीही नव्हतं. ते काहीही नाही बघत मॅनेजर बराच वेळ उभा राहिला. मग वाकून त्यानं बिल्ल्यावर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. स्वच्छ. तरी शंका फिटेना. त्यानं बॉनेट उघडलं. मग डिकी उघडली. मग खालचं झाकण.

मी आकाशाकडे पाहिलं.

"बाबा!" सूनबाई हळूच म्हणाली.

स्टेपनी आठवडाभराच्या पूजेनं लालपिवळी झाली होती. फुलंही साठली होती. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं, स्टेपनीकडे पाहिलं. मी सरळ बसलो आणि माझं जेवढं इंग्रजी होतं तेवढं वापरलं. "डेली. गुड व्हील."

मग तो झाकण अलगद लावत म्हणाला, "नो सेन्सर इन देअर, मेट." आणि कॉफीनं भिजलेल्या शर्टवर हात पुसून सूनबाईला म्हणाला की मान्य, हा मोठा दोष आहे, आता काय हवं ते तुम्ही ठरवा.

शोरूममध्ये त्यानं तशीच दुसरी गाडी, नव्या वर्षाची, दाखवली. मुलगा हो म्हणून मोकळा झाला होता. सूनबाईनं डिकी उघडली, झाकण उचललं. आत स्टेपनी नव्हती. हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या चिकाची बाटली. हल्ली असंच येतं, मॅनेजर म्हणाला, वजन वाचतं.

"मग नको," सूनबाई म्हणाली. "पैसे परत द्या."

"अगं, चिकाच्या बाटलीनं काम होतं," मुलगा म्हणाला.

"बाबांचं होत नाही. आणि ठरवायचं आपण, हे कायद्यातच आहे."

मॅनेजरनं आत जाऊन फोन फिरवले. दुसऱ्या गावच्या शोरूममध्ये तशीच एक गाडी निघाली, स्टेपनीवाली. ती आली त्या संध्याकाळी मी हळदकुंकवाची कुयरी घेऊन मागच्या बाजूला गेलो. सूनबाई शिफ्टला निघायच्या घाईत होती. तिनं चावी टेबलावरून उचलली, आणि माझ्याआधी जाऊन डिकीचं झाकण वर धरून उभी राहिली.

"लवकर हं, बाबा," ती म्हणाली. "उशीर होतोय."