सोवळ्यात रुजलेलं बी

मंगळवारी सकाळी काकांचा फोन आला. म्हणाले, "तुझी मावशी गेली." त्याला आता पाच आठवडे झाले.

कुसुममावशी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, काका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने टांझानियातून ऑर्किडची एक शेंग आणून दिली. हे ऑर्किड झाडावर नव्हे, जमिनीत वाढणारं, पिवळ्या फुलांचं, आणि त्याच्या मुलखातही आता क्वचितच दिसणारं. बी म्हणजे नुसती धूळ. त्यात स्वतःपुरतंही अन्न नसतं, म्हणून ते बाटलीत, साखर घातलेल्या जेलीवर रुजवावं लागतं. ती जेली बुरशीलाही तितकीच आवडते. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत काकांनी तीनदा पेरणी केली आणि तिन्ही वेळा बाटल्यांत काळपट कापूस उगवला. शेवटी चिमूटभर बी उरलं. ते गेलं असतं, तर दुसरं मिळणार नव्हतं. काका पुन्हा पेरायला बसले, तेव्हा मावशीने पुडी उचलली.

"अहो, पेपर वाचता वाचता बाटली उघडता, मध्येच कान खाजवता. बुरशीला अक्षताच द्यायच्या राहिल्यात."

"मग तू कशी करणार?"

"सोवळ्यात."

काका हसले. तिथेच बसलेली मीही हसले. मावशीचा सोवळ्यावर विश्वास असा कधीच नव्हता. सासूबाई होत्या तोवर दर महिन्याला चार दिवस तिला बाहेर बसावं लागे. त्या गेल्यावर पहिल्याच महिन्यात ती त्या चार दिवसांत ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती... पण वीस वर्षांची सवय हातातून गेली नव्हती. सकाळी न्हाऊन, काठीने उंच दांडीवर वाळत घातलेलं, कुणी न शिवलेलं लुगडं ती नेसली. खिडकी बंद, पंखा बंद. बाटल्या कुकरमध्ये उकळलेल्या, चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेला, बी ब्लीचिंगच्या पाण्यातून काढलेलं. प्राध्यापक महाशय दारातून डोकावले, तर आतून आवाज आला, "शिवू नका. बाहेर बसा."

ते बसले. उंबऱ्याबाहेर, पाटावर, तासभर.

बाटल्या कपाटात अंधारात ठेवल्या. महिना गेला, बुरशी नाही. तीन महिने गेले, काहीच नाही. काका म्हणत, बी मेलेलं असणार. चौथ्या महिन्यात मावशीने आम्हाला बोलावून भिंग पुढे केलं. जेलीवर खसखशीएवढे पांढरे गोळे होते, जिवंत! काकांनी बराच वेळ भिंग सोडलं नाही. मग म्हणाले, "कुसुम, मला शिकव."

"आधी नखं कापून या."

फुलं यायला सहा वर्षं लागली. कमरेएवढा दांडा, त्यावर पिवळी फुलं. त्या दिवशी काकांनी अख्ख्या कॉलेजला घरी बोलावलं आणि येईल त्याला सांगितलं, "हे माझं नाही, हिचं आहे." मावशी चहा करायला उठली नाही. ती फुलांशेजारी खुर्चीत बसून राहिली. चहा काकांनी केला.

माझ्या हडपसरच्या गॅलरीत तिच्या पाच कुंड्या आहेत. तिने फुलाला हाताने पराग लावून धरवलेली शेवटची शेंग गेल्या महिन्यात पिकली. ते बी काकांनी एकट्याने नऊ बाटल्यांत पेरलं आहे. अजून रुजलेलं नाही. बुरशी एकाही बाटलीत नाही.