आक्कांची मान

मी लग्न होऊन साताऱ्याजवळच्या त्या गावात गेले, तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझे मालक पलटणीत होते, सासूबाई आधीच वारलेल्या. घरात सासरे, थोरले दीर आणि माझी थोरली जाऊ. त्यांना मी आक्का म्हणायची. स्वयंपाकघर त्यांचं. मी वाईच्या दुकानदाराची मुलगी, भाकरी नीट थापता येत नसे. आक्का कधी बोलल्या नाहीत. माझ्यापुढची परात ओढून घ्यायच्या, एवढंच. तेवढ्यानंही मी दिवसभर फुगून बसायची.

दिवाळीनंतर आक्कांची मान धरली. हंडा उतरवताना लचकली असेल, असं सगळे म्हणाले. शेकलं, लेप लावला. मान चोळून देणारी बाई बोलावली, पण आक्कांनी तिला हात लावू दिला नाही. हळूहळू घास गिळताना दुखायला लागलं, संध्याकाळी अंगात कसकस यायची. उठताना त्या दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरायच्या, भरलं मडकं उचलावं तसं, आणि मगच उठायच्या. एक दिवस हातातलं उलथणं गळून पडलं. बोटांना मुंग्या येत होत्या. दिरांनी बैलगाडी जुंपली, पुढं रेल्वेनं आम्ही सांगलीकडच्या एका दवाखान्यात गेलो. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी.

डॉक्टर वयस्कर होते. आक्का डोकं हातात धरून टेबलावर आडव्या झाल्या, ते त्यांनी पाहिलं आणि तिथंच सगळ्यांना थांबवलं. आता यांना कुणी उठवायचं नाही, म्हणाले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मग घशात पाहिलं, मानेचा फोटो काढला. तो खिडकीशी धरून त्यांनी दिरांना दाखवला. कवटीखालचे पहिले दोन मणके किडल्यासारखे दिसत होते आणि घशामागं पू साठला होता.

"हा हाडाचा क्षय आहे," ते म्हणाले. "आजवर बाईंच्या हातांनीच ही मान सांभाळली."

दिरांनी विचारलं, "बरी हुईल न्हवं?"

यावर खास औषध नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मान हलू द्यायची नाही, ऊन, दूध आणि अंडी द्यायची. हाड आपलं आपण जुळतं.

जाड सुईनं मानेच्या बाजूनं पू काढला. हनुवटीखाली चामड्याचा पट्टा बांधून, दोरीला वजन लावून डोकं ताणून ठेवलं. काही आठवड्यांत बोटांच्या मुंग्या गेल्या. मग डोक्यापासून कंबरेपर्यंत प्लास्टर घालून, चेहरा आणि कान तेवढे उघडे ठेवून, आम्हाला घरी पाठवलं.

खाट घराच्या पुढच्या सोप्यात टाकली. सकाळी दीर आणि गडी ती अंगणात उन्हाला नेत. आक्कांना वरच्या वाशांखेरीज काही दिसत नसे, पण स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येई.

"पानी कमी पडलंय पिठात," त्या खाटेवरून सांगायच्या. "थापायचा आवाज कोरडा येतुया."

मी पाणी घालायची आणि भाकरी खरंच फुगायची. कालवण, पिठलं, पुरणसुद्धा मी असंच शिकले, त्या पडल्यापडल्या सांगायच्या तसं. आक्का माळकरी. दुधात फेटलेलं अंडं पाजताना डोळे गच्च मिटून घ्यायच्या आणि संपल्यावर विचारायच्या, "दूधच व्हतं न्हवं?" मी व्हय म्हणायची. दोघींनाही खरं ठाऊक होतं.

दुपारी शेजारणी निवडण-टिपण घेऊन खाटेभोवती बसायला लागल्या. आमच्या सोप्यात इतकं हसणं त्याआधी कधी नव्हतं. एकदा मी घास भरवत होते, तेव्हा आक्का म्हणाल्या, "तू आलीस तवा मला वाटलं, ही काय ऱ्हात न्हाई हितं." मी पुढचा घास केला.

पुढच्या साली प्लास्टर कापलं. फोटोत ते दोन मणके एकमेकांना चिकटून घट्ट झालेले दिसले. मान पूर्वीसारखी वळणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आक्कांना त्याचं काही वाटलं नाही. बाजूला बघायचं झालं की त्या सगळ्या अंगानिशी वळायच्या. लग्नाकार्यात परक्या बायकांना वाटे, बाई फार तोऱ्याची आहे. मी खरं सांगायला निघाले की आक्का माझा पदर ओढायच्या. वाटू दे, म्हणायच्या.

आम्ही एकाच चुलीवर म्हातारपणापर्यंत रांधलं.